पोरगी घरी सांगत नाही, कारण सांगितलं की तिचंच कॉलेज बंद होतं

रानवेडी

हा धागा काढायचं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवते. एकाच आवारात अकरावी-बारावी आणि वर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं-पोरी येतात. कुणी ओळखू येऊ नये म्हणून खालचे तपशील बदललेत, एकीचं दुसरीला जोडलंय. प्रतिसादातही गाव, कॉलेज, नाव लिहू नका ही विनंती.

विषय आहे प्रेमप्रकरणातली मारहाण आणि जबरदस्ती.

पोरींवरच्या अत्याचाराची गोष्ट निघाली की लोकांच्या डोळ्यापुढं अनोळखी गुंड येतो, अंधार येतो, तुरीच्या वावरातली वाट येते. माझ्याकडं येणाऱ्या मुलींना त्रास देणारा मात्र ओळखीचा असतो. नात्यातला, गावातला, वर्गातला, आणि बहुतेक वेळा तिचा ‘तो’च. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांतही बलात्काराच्या ९५ टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी मुलीच्या माहितीतला असतो. तरी आपण पोरींना सांगतो ते एवढंच, की अंधारात फिरू नको, अनोळखी माणसाशी बोलू नको.

सुरुवात मारहाणीनं होत नाही, रिचार्जनं होते. घरून मोबाइल मिळालेला नसतो, किंवा असला तर रिचार्जला पैसे नसतात. तो सिम घेऊन देतो, महिन्याचा रिचार्ज मारून देतो. मग पासवर्ड मागतो. मग वर्गात बसली आहे हे दाखवायला तासाच्या मध्ये व्हिडिओ कॉल. लाइव्ह लोकेशन कायम चालू. प्रॅक्टिकलला पार्टनर मुलगा आला तर भांडण. पहिली चापट साधारण इथं कुठंतरी बसते, आणि ‘माझं प्रेम आहे म्हणून राग येते’ असं तिला समजावलं जातं. ती मलाही तेच समजावते.

आमच्याकडं मार्चपासून प्रत्येक पोरगी स्टोल बांधून, सनकोट घालून येते. उन्हाचा पारा ४५ ला टेकतो, घालावाच लागतो. वर्गात आल्यावर पंख्याखाली सगळ्या सनकोट काढून बॅगेत कोंबतात. जी काढत नाही, तिच्याकडं माझं लक्ष जातं. एकीची बाही वही उचलताना वर सरकली, तर मनगटाच्या वर चार बोटं उमटलेली. विचारलं तर म्हणाली, ‘बादलीचा दांडा लागला मॅडम.’

दुसरी गोष्ट एसटीची. बारावीपर्यंत मुलींना मानव विकासची गाडी आहे, मोफत पास आहे. बारावी झाली की ती सोय संपते. गावाकडं जाणारी शेवटची गाडी पाचच्या आत सुटते, प्रॅक्टिकल त्यानंतर संपतं. मग तो मोटारसायकलवर सोडून देतो. आणि पोरांच्या बोलण्यात एक पक्कं गणित असतं, की गाडीवर बसली म्हणजे तिचं ‘हो’ आहे. वाटेत थांबवलं, तिनं नको म्हटलं, रडली, तरी ते धरलं जात नाही, कारण ती ‘आपल्या पायानं’ आली होती.

आता मला खरं बोलायचंय ते यावर. या मुली घरी सांगत नाहीत. सांगितलं तर काय होतं ते त्यांनी शेजारच्या घरी पाहिलेलं असतं. कॉलेज बंद. मोबाइल काढून घेतला. दिवाळी झाली की पाहुणे बघायला येतात. आई दोन दिवस रडते आणि मग म्हणते, तुझ्याच नादानं झालं. पोराचं काय होतं? काही नाही. तो परीक्षेला बसतो.

पोराला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून त्याला चाकू लागत नाही, ॲसिड लागत नाही. तो फक्त म्हणतो, ‘तुह्या बापाले फोटो पाठवू का?’ गुन्हा त्याचा, आणि घरी सांगायची धमकीही तोच देतो! आपण आई-बाप, शिक्षक, नातेवाईक मिळून त्याच्या हातात हे हत्यार देऊन ठेवलंय.

फेब्रुवारी २०२० आठवा. ३ तारखेला हिंगणघाटच्या नंदोरी चौकात, कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुणीला पेट्रोल टाकून पेटवलं. पेटवणारा तिच्याच गावचा, मागं लागलेला. १० तारखेला तिनं नागपूरच्या दवाखान्यात प्राण सोडला. सगळा विदर्भ रस्त्यावर उतरला होता. आणि त्याच आठवड्यात, व्हॅलेंटाइन डेच्या तोंडावर, अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वेच्या एका महिला कॉलेजच्या मुलींना शपथ दिली गेली, की प्रेम करणार नाही, प्रेमविवाह करणार नाही. हुंडा घेणाऱ्याशी लग्न करणार नाही हेही त्या शपथेत होतं, ते योग्यच. पण जाळणारा पोरगा, आणि शपथ पोरींना? पोरांना उभं करून ‘नाही म्हटलं तर मागं फिरीन’ एवढी शपथ कुणी दिली?

आपापल्या भागात काय दिसतं ते लिहा. आणि पोरीचं शिक्षण न थांबवता तिला यातून बाहेर काढायचं तर कुणी काय केलं, तेही लिहा.

काटोलची_लेक

शब्दन् शब्द खरा आहे. मी नागपूरला रूम करून शिकले. आमच्या रूमवर चौघी होतो, त्यातल्या एकीचा मित्र रात्री खाली येऊन गाडीचा हॉर्न वाजवत बसायचा. ती खाली गेली नाही तर घरमालकाची बेल. घरमालकानं काय केलं? तिलाच रूम सोडायला सांगितली, ‘चांगल्या घरच्या पोरी राहतात इथं’ म्हणून. ती गावी परत गेली. बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला होती.

शेतकरी_बाप

ताई, लिहलं ते खरं आहे. पण बापाचंही आयकून घ्या. माही पोरगी बारावीले आहे, तिच्या मांगं एक लहान आहे. उद्या असं काई झालं अन् मी ठाण्यात गेलो, त पोलीस याच्या आधी चौकात गोष्ट येते. पानठेल्यावर पोट्टे फोटो पाह्यत बसतात. सोयरिकीले आलेला मानूस पह्यले तेच इचारते. म्हनून बाप पोरीले घरी बसवते. राग पोरीवर नसते, भेव असते. तिले वाचवाचा दुसरा रस्ता त्याले कोनं दाखवलाच नाही.

मले खरंच इचाराचं आहे. पोरगी घरी येऊन सांगन, त बापानं पह्यले काय कराव? कायद्याचं नंतर. पह्यले काय?

वकीलताई

शेतकरी_बाप, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. ‘पहिलं काय’ याचं उत्तर इतर देतील, मी ठाण्यातलं आणि कोर्टातलं सांगते. जिल्हा न्यायालयात ही प्रकरणं चालवते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम ६३ मध्ये संमती म्हणजे काय ते स्पष्ट दिलंय. तिनं शब्दानं, खुणेनं, कुठल्याही प्रकारे त्या वेळी, त्या गोष्टीला स्वखुशीनं दिलेला होकार. तिनं अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही, हेही तिथंच लिहिलंय. रानवेडींनी सांगितलेलं ‘गाडीवर बसली म्हणजे हो’ हे गणित कोर्टात चालत नाही. आधी प्रेमसंबंध होते, आधी शरीरसंबंध होते, याही गोष्टींवरून त्या दिवशीची संमती सिद्ध होत नाही.

फोटोंबद्दल. ‘तिनंच पाठवला होता’ हे मला पोरांचे बापही सांगतात आणि कधी कधी हवालदारही. कलम ७७ वाचा. फोटो काढायला तिची संमती असली, पण तो दुसऱ्याला दाखवायला नसली, तर पुढं पाठवणं गुन्हा आहे. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६-ई, ६७-ए ही कलमं लागतात. तेव्हा पानठेल्यावर तो फोटो पुढं ढकलणारा प्रत्येक जण त्यात अडकू शकतो.

पाठलाग, सारखे मेसेज, नाही म्हटल्यावरही मागं लागणं हे कलम ७८. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पण जामीन मिळतो. म्हणून लोक हे कलम हलकं समजतात. हिंगणघाटची सुरुवातही मागं लागण्यापासूनच झाली होती. त्या आरोपीला १० फेब्रुवारी २०२२ ला जन्मठेप झाली, तिच्या मृत्यूला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी.

तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. याला झिरो एफआयआर म्हणतात. गावच्या ठाण्यात मामाच्या ओळखीचा जमादार बसलेला असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी द्या. जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. बलात्कारासारख्या गुन्ह्याची नोंद करायला नकार देणाऱ्या पोलिसावरही कलम १९९ खाली गुन्हा होतो. मुलगी १८ वर्षांवरची असेल तर आई-वडिलांची सही लागत नाही. आणि बलात्काराच्या गुन्ह्यात तिचं नाव, फोटो, ओळख छापणाऱ्याला कलम ७२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आहे. व्हॉट्सॲपच्या ‘निषेध’ पोस्टमध्ये नाव टाकणारेही त्यात आले.

एक सांगणं अकरावी-बारावीच्या शिक्षकांना. मुलगी १८ च्या आतली असेल तर २०१२ चा पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागतो आणि तिथं तिच्या संमतीला कायद्यात किंमत नाही. अत्याचाराची माहिती मिळालेल्या कुणीही ती पोलिसांना द्यायलाच हवी, लपवणं गुन्हा आहे. ‘संस्थेचं नाव खराब होईल’ म्हणून बंद खोलीत मिटवामिटवी करणाऱ्या मुख्याध्यापकांनी हे लक्षात ठेवावं.

रोखठोक

एक बाजू कुणीच लिहीत नाही म्हणून लिहितो. माझ्या भाच्यावर ब्रेकअपनंतर केस झाली. दोघं दोन वर्षं सोबत होते, सगळ्या गावाला माहीत होतं. घरच्यांनी जातीवरून लग्नाला नाही म्हटलं आणि पोरीच्या भावानं ठाण्यात नेऊन तक्रार लिहवली. भाचा जामिनावर आहे, भरती हुकली. कायदा पोरींच्या बाजूचा असला तरी तो वापरतात पोरीचे घरचे. यावर पण बोला.

वकीलताई

बोलते, कारण हे होतं. लग्नाचं वचन देऊन ठेवलेल्या संबंधांवर आता वेगळं कलम आहे, ६९. पण सर्वोच्च न्यायालयानं अनेक निकालांत फरक केलाय. सुरुवातीपासूनच फसवायचं होतं म्हणून दिलेलं खोटं वचन वेगळं, आणि खरं वचन पुढं परिस्थितीमुळं मोडलं ते वेगळं. तुमच्या भाच्याचे मेसेज, लग्नाची बोलणी, हे सगळं वकिलाकडं नीट द्या. सतरा वर्षांची ती आणि एकोणीसचा तो, दोघं राजीखुशीनं, आणि घरच्यांनी पोक्सो लावलाय, अशीही प्रकरणं मी पाहिलीत. त्यात दोन आयुष्यं भरडतात.

मात्र तुमच्याच वाक्यात पाहा. तक्रार भावानं लिहवली. पोरीला काय हवं होतं ते कुणी विचारलं? मारणाऱ्याच्या ताब्यात राहिलेल्या पोरीलाही कुणी विचारत नाही, आणि आवडत्या मुलापासून ओढून आणलेल्या पोरीलाही नाही. तिचं म्हणणं एकटीला बसवून ऐकलं असतं, तर तुमचा भाचा कदाचित वाचला असता.

रोखठोक

हे पटलं. तिचा जबाब झाला तेव्हा भाऊ बाजूलाच उभा होता असं ऐकलंय.

दवाखान्यातून

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. लिहावं की नाही असं झालं होतं, पण लिहितो.

आमच्याकडं या मुली ‘अत्याचार’ म्हणून येत नाहीत. त्या विष घेतलेल्या म्हणून येतात. कापसाच्या पट्ट्यात घरोघरी फवारणीचं औषध पडलेलं असतं. घरचे म्हणतात, अभ्यासाचं टेन्शन होतं, आई रागावली होती. मी नातेवाइकांना बाहेर काढतो, सिस्टरला थांबवतो आणि एकच विचारतो, ‘तुला कुणी धमकी देत होतं का?’ बऱ्याच वेळा उत्तर फोनमध्ये असतं. ज्या घरात पोरगी अचानक गप्प झालीय, जेवत नाही, फोन वाजला की दचकते, तिथं औषधाचे डबे आधी कुलपात टाका. मनावर असा ताण असलेल्या कुणालाही १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर दिवसरात्र बोलता येतं, मराठीतही.

दुसरं, गळा दाबणे. ‘मस्करीत दाबला’, ‘रागात धरला होता, लगेच सोडला’ असं त्या सांगतात. बाहेरून खूण दिसतेच असं नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके येणं ही लक्षणं असतात. जो एकदा गळ्याला हात घालतो तो पुढं जीव घेईल ही भीती खूप वाढते. चापट आणि गळा हे एका मापानं मोजू नका. त्याच दिवशी दवाखान्यात आणा.

बलात्कार झाला असेल तर वेळ महत्त्वाची. गर्भ राहू नये म्हणून गोळी आणि एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, जितकं लवकर तितकं बरं. पुरावे ९६ तासांपर्यंत गोळा करता येतात. शक्य असेल तर आंघोळ न करता, त्याच कपड्यांत या. कपडे बदलले असतील तर ते न धुता कागदी पिशवीत आणा, प्लॅस्टिकमध्ये नको, ओलसरपणानं पुरावा खराब होतो. आंघोळ झाली असली तरी या. आधी एफआयआर आणा असं कुठलाही दवाखाना म्हणू शकत नाही. सरकारी असो की खाजगी, प्रथमोपचार आणि उपचार मोफत देणं बंधनकारक आहे.

पोरींना ज्या तपासणीची भीती वाटते, ती दोन बोटांची तपासणी सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच चुकीची ठरवली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर सांगितलं, की जो ती करेल तो गैरवर्तनाचा दोषी. आणि हे विदर्भातल्या लोकांना अभिमानानं सांगायला हवं, की या तपासणीविरुद्धच्या लढ्यात आपल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये केलेल्या अहवालाचा मोठा वाटा आहे. नागपूर खंडपीठात त्यावरून जनहित याचिका झाली.

दिवस गेले असतील तरी दार बंद नाही. अत्याचारातून राहिलेला गर्भ किंवा अल्पवयीन मुलगी असेल तर २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात होतो. मुलगी १८ च्या आतली असेल तर आम्हाला पोलिसांना कळवावं लागतं. पण सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय, की गर्भपातासाठी संमतीच्या संबंधातली अल्पवयीन मुलगी आली आणि तिनं आणि पालकांनी विनंती केली, तर कळवताना तिचं नाव आणि ओळख द्यायची गरज नाही. खेड्यातल्या भोंदूकडं जाऊन मरायच्या दारात आलेल्या पोरी मी पाहिल्यात. कृपा करून आमच्याकडं या.

दिग्रसचा_पोट्टा

मी थर्ड इयरला आहे. पोरांच्या बाजूनं सांगतो, लपवत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये ज्याची ‘सेटिंग’ आहे त्याला मान असतो. ती त्याचं ऐकते का, फोन लगेच उचलते का, यावर त्याची इज्जत ठरते. तिनं फोन नाही उचलला तर बाकीचे चिडवतात, ‘काय बे, तुह्या हातात नाही राह्यली.’ मग तो चौघांसमोर तिला शिव्या देऊन दाखवतो. एकटा असता तर कदाचित दिल्या नसत्या. फोटो पण असेच फिरतात. एक जण पुरावा म्हणून मागतो, दुसरा दाखवतो.

आमच्या एका मित्रानं असा फोटो ग्रुपवर टाकला तेव्हा दोघांनी ग्रुप सोडला आणि एकानं तिथंच लिहिलं, डिलीट कर नाहीतर स्क्रीनशॉट घेऊन सरांकडं जातो. पाच मिनिटांत डिलीट झाला. पोलीस नाही, मास्तर नाही, बरोबरीच्या एका पोरानं म्हटलं म्हणून. सरांनी पोरींना समजावण्यापेक्षा आम्हाला एकदा बसवून बोलायला पाहिजे. कुणी आमच्याशी बोलतच नाही. जे समजलं ते मोबाइलवरच्या घाणेरड्या व्हिडिओतूनच समजलं.

रानवेडी

दिग्रसचा_पोट्टा, तू हे लिहिलंस त्याचा मला फार आनंद झाला. ज्यानं ‘डिलीट कर’ म्हटलं त्या पोरासारखी प्रत्येक वर्गात दोन पोरं असली तर माझ्यापर्यंत येणाऱ्या निम्म्या गोष्टी येणार नाहीत.

पोरांशी बोलण्याचं काम विदर्भात कुणी केलंच नाही असं नाही. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेतून डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ची शिबिरं कॉलेजाकॉलेजांत घेतली, मुलं-मुली दोघांसाठी. शरीर, प्रेम, नकार, सगळं मराठीत, तोंडावर बोलायचं. असं शिबिर प्रत्येक कॉलेजच्या एनएसएस कॅम्पमध्ये व्हावं असं मला मनापासून वाटतं. सात दिवस गाव झाडतो, त्यातली एक दुपार यासाठी काढता येते.

कोरची_ते_नागपूर

मी गोंड आहे, आदिवासी मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहून शिकले. इथं अजून कुणी जातीबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते.

बाहेरच्या पोरांना वाटतं, वसतिगृहातली आदिवासी पोरगी म्हणजे मागं कुणी नाही. बाप दोनशे किलोमीटरवर, फोनला रेंज नाही, मराठी अडखळत. ‘तुमच्यात चालते न सगळं’ हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. आमच्यात गोटूल, म्हणजे तरुण मुला-मुलींची एकत्र जमायची जागा आहे म्हणून आमच्या पोरींच्या नकाराला किंमत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलंय. आमच्याकडं मुलीच्या मर्जीला किती मान आहे ते त्यांना माहीत नाही.

१९७२ मध्ये आमच्याच देसाईगंजच्या, म्हणजे वडशाच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. खालच्या कोर्टानं तिलाच संबंधांची सवय असलेली ठरवून पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, ती ओरडली नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. वकीलताईंनी वर सांगितलेलं ‘प्रतिकार केला नाही म्हणजे संमती नव्हे’ हे आमच्या वडशाच्या एका गरीब पोरीपासून सुरू झालंय. आमच्या वसतिगृहात हे कुणी शिकवलं नाही, मी नंतर वाचलं.

मुलगी अनुसूचित जाती-जमातीची आणि पोरगा त्याबाहेरचा असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लावायला सांगा. ठाण्यात आपण होऊन सहसा लावत नाहीत. जातीचा दाखला सोबत ठेवा.

संपादक मंडळ

एका सदस्येनं स्वतःचं नाव न देता पुढचा प्रतिसाद टाकायची विनंती केली आहे. आम्ही तिच्याशी बोललो आहोत. खोदून प्रश्न विचारू नयेत.

*“मी पोलीस भरतीची तयारी करत होते. ॲकॅडमीत ओळख झाली. पहाटे ग्राउंडवर तो वेळ लावायचा, माझ्या आठशे मीटरचं टायमिंग त्याच्यामुळंच सुधारलं. पहिल्यांदा मारलं ते ग्राउंडच्या मागं, मी सरांशी हसून बोलले म्हणून. नंतर माफी, रिचार्ज, नवीन बूट. नंतर जबरदस्ती. माझे फोटो त्याच्याकडं होते. वर्षभर तो म्हणेल तिथं गेले, कारण घरी कळलं तर भरती संपली, हे मला माहीत होतं आणि त्यालाही.*

*मावशीला सांगितलं ते ठरवून नाही. तिच्याकडं मुक्कामी असताना त्याचा फोन आला आणि मी थरथरत होते. मावशी अंगणवाडीत आहे. तिनं फोन माझ्या हातातून घेतला, बंद केला आणि म्हणाली, ‘तुझं ग्राउंड सुटणार नाही, हे आधी ऐक. आता सांग.’ मग मी सगळं सांगितलं. ती मध्ये एकदाही ‘तू कशाला गेलीस’ म्हणाली नाही.*

*आम्ही काही डिलीट केलं नाही. मावशीच्या मुलानं सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढले. १९३० ला फोन केला, सायबरच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, मग जिल्ह्याच्या ठाण्यात गेलो. त्याचा मोबाइल जप्त झाला. केस चालू आहे. बाबांना मावशीनंच सांगितलं, मी समोर नव्हते. ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण भरतीचा फॉर्म भरायला पैसे दिले. सध्या मावशीकडं राहून तयारी करते. लेखी बाकी आहे.”*

काटोलची_लेक

ताई, लेखीसाठी खूप खूप शुभेच्छा. रडले वाचून.

शेतकरी_बाप

मले माह्या प्रश्नाचं उत्तर भेटलं. ‘तुझं कॉलेज सुटनार नाही, आधी हे आयक.’ मी हे पोरीले आजच सांगतो. काई झालं नसलं तरी सांगतो. तिच्या मायलेबी सांगतो.

एक शंका आहे. फोटो एकदा बाहेर गेला त वापस येत नाही न?

वकीलताई

दादा, पूर्ण गॅरंटी कुणी देणार नाही, पण बरंच थांबवता येतं. फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांनी असा नग्न फोटो तक्रार आल्यापासून ठरलेल्या काही तासांत काढायचा, असा २०२१ च्या आयटी नियमांत दंडक आहे. फोटो अजून टाकला नाही, फक्त धमकी आहे, तर ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची मोफत सोय आहे. फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, तो आपल्याच फोनवर राहतो, त्याच्या खुणेचा आकडा कंपन्यांकडं जातो आणि तो त्यांच्यावर चढू दिला जात नाही. १८ च्या आतल्या मुलींसाठी तशीच ‘टेक इट डाउन’ आहे. आणि धमकीला घाबरून पैसे देऊ नका, शेवटचं भेटायलाही पोरीला पाठवू नका. एकदा दिलं की मागणी थांबत नाही.

ठाण्यात लगेच जायची हिंमत नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर असतं. तिथं समुपदेशन, वकील, पोलिसांशी बोलणं, आणि पाच दिवसांपर्यंत राहायची सोय होते. १८१ ला फोन केला तरी तिथपर्यंत पोचवतात. बलात्काराच्या गुन्ह्यात मनोधैर्य योजनेतून मदत मिळते, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं.

काटोलची_लेक

कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जी विशाखा समिती असते, तिचा काही उपयोग होतो का? आमच्याकडं नुसता बोर्ड होता, त्यावर बदलून गेलेल्या मॅडमचं नाव.

रानवेडी

होतो, समिती जिवंत असली तर. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम प्रत्येक पदवी कॉलेजला लागू आहेत, अनुदानित असो की विनाअनुदानित. अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका, दोन प्राध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी, निवडून आलेले. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. ९० दिवसांत चौकशी संपवायची. सहल, कॅम्प, स्पर्धेसाठीचा प्रवास हे सगळं त्या नियमांत कॉलेजच्या आवारातच धरलंय. दोषी विद्यार्थ्याला निलंबित करता येतं, काढूनही टाकता येतं. त्रास देणारा बाहेरचा असला तरी तक्रारदाराला मदत करणं कॉलेजचं काम आहे.

अकरावी-बारावीला हे नियम लागत नाहीत. तिथं २०२२ पासून सखी सावित्री समिती आहे, आणि पोक्सो आहेच.

आमच्या समितीत आम्ही दोन गोष्टी केल्या. तक्रार आली की मुलीच्या घरी आम्ही आपण होऊन फोन करत नाही. १८ च्या वरची असेल तर तिला विचारतो, घरी कुणाला सांगायचं, कुणाच्या तोंडून, कधी. मुली बहुतेक वेळा आईचं नाव घेत नाहीत. मामी, मोठी बहीण, आजी, एकीनं तर चुलत्याचं नाव घेतलं. त्या माणसाला कॉलेजात बोलावून आधी तिच्या शिक्षणाचं बोलतो, मग घडलेलं. अल्पवयीन असेल तर पोलिसांना कळवावंच लागतं, तेव्हा पालकांना बोलावतो, पण तेही मुलीला सांगून आणि एक मॅडम सोबत बसवून.

दुसरं, प्रॅक्टिकलच्या बॅचेस बदलल्या. बाहेरगावच्या मुलींची बॅच सकाळी, गावातल्यांची दुपारी. प्राचार्यांनी एका बैठकीत मान्य केलं, एक पैसा खर्च आला नाही. मुलींना पाचच्या आतली गाडी मिळते. आगाराला जादा फेरीसाठी अर्जही दिलाय, त्याचं अजून काही नाही.

दिग्रसचा_पोट्टा

मॅडम, आमच्या कॉलेजात समितीत विद्यार्थी आहेत का तेच माहीत नाही. उद्या ऑफिसमध्ये विचारतो. नसले तर अर्ज कसा लिहायचा?

रानवेडी

प्राचार्यांच्या नावानं साधा अर्ज. विषय: यूजीसी विनियम २०१५ नुसार अंतर्गत तक्रार समितीवर विद्यार्थी प्रतिनिधींची निवड करण्याबाबत. चार-पाच जणांच्या सह्या घे, त्यात मुली असू देत. आवक क्रमांक टाकून पोच घ्यायला विसरू नको. नमुना तुला व्यक्तिगत निरोपात पाठवते, आणखी कुणाला हवा असेल तर सांगा.

शेतकरी_बाप

मलेबी पाठवा ताई. पोरीच्या कॉलेजात पालक सभा आहे, तिथं देतो.